कागदावरचं अभय : आदिलाबाद जिल्ह्यातली संरक्षणाची कलमं, तहापासून खरेदीखतापर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादं जुनं खरेदीखत असतं. पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळलेलं. ते काढून शेवटची दहा ओळी वाचा. "सदर जमिनीबाबत कोणी हिल्ला-हरकत केल्यास त्याचे निवारण आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ" अशा धर्तीचं एक वाक्य हमखास सापडतं. त्याच्या आसपास "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली नसताना" हेही असतं. लिहून घेणाऱ्याला ही वाक्यं तोंडपाठ असतात, म्हणून वाचणारा त्यांच्याकडे लक्ष देत नाही. पण कागदाचा खरा जीव तिथेच असतो. बाकीचा मजकूर काय दिलं ते सांगतो. ही वाक्यं दिलेलं कसं टिकेल ते सांगतात. यालाच आपण या लेखात संरक्षणाचं कलम म्हणू.

ही रीत जुनी आहे. शिलाहार-यादवांच्या काळातल्या दानलेखांवर वर चंद्रसूर्य कोरलेले असतात, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावं. आणि काही शिळांवर खाली गाढवाची शिवी कोरलेली असते, म्हणून त्यांना गधेगाळ म्हणतात. दान मोडणाऱ्याला शाप, हे त्या काळचं संरक्षणाचं कलम. दुष्काळात किंवा लुटालुटीत गाव ओस पडलं की रयतेला परत बोलावण्यासाठी कौल दिला जाई : या, जमीन लावा, पहिली काही वर्षं सारा कमी, मग हळूहळू वाढेल. अभयपत्र हा शब्दही त्याच घरातला.

प्रश्न असा, की असं कलम कधी खरोखर राखतं आणि कधी नुसतं कागदावर राहतं? आपल्या आदिलाबाद जिल्ह्याइतका याचा चांगला नमुना क्वचितच मिळेल. इथे दीडशे-दोनशे वर्षांत मोठमोठ्या तहांची कलमं येऊन गेली, आदिवासींच्या जमिनीसाठी कायद्याची कलमं आली, आणि घरोघरी सालगड्याचे, गहाणाचे, बटाईचे साधे करार चालूच राहिले. हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले की चार प्रश्न वर येतात. कलम कोणाच्या नावाने आहे? हिशोब कोण देणार? पुरावा कोणी द्यायचा? आणि राखला जाणारा माणूसच अंगठा उठवून मोकळा झाला तर?

तह दोघांचा, रयत बाहेर

पैनगंगा आणि वर्धा या आपल्या सीमेच्या नद्या. त्या सीमा झाल्या त्यामागे तह आहेत. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने नागपूरकर रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे आला. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा पैनगंगेच्या उत्तरेला कंपनीचा कारभार आणि दक्षिणेला निजामाचा, अशी वाटणी झाली. नदी ओलांडली की कोर्ट बदले, स्टॅम्प बदले, कागदाची भाषा बदले.

या सगळ्याच्या मुळाशी १८०० सालचा तह आहे. १२ ऑक्टोबर १८०० रोजी निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तो झाला. दोघांपैकी एकावर कोणी विनाकारण चाल करून आलं तर दुसऱ्यानं ते आपल्यावरच आलं असं समजावं, हे त्याचं मर्म. त्या बदल्यात कंपनीची तैनाती फौज वाढली आणि म्हैसूरच्या लढायांत निजामाला मिळालेले जिल्हे कंपनीला गेले. बेल्लारी, कडप्पा वगैरे. पण याच तहाचं पंधरावं कलम आपण फारसं वाचत नाही. निजामाची मुलं, नातेवाईक, प्रजा आणि नोकर यांच्याशी कंपनीचा काही संबंध नाही, त्यांच्यावर निजामाचा पूर्ण अधिकार, असं कंपनीनं त्यात कबूल केलं.

म्हणजे बघा. संरक्षणाचा तह आहे, संरक्षण निजामाच्या गादीचं आहे, आणि प्रजा नावानिशी बाहेर ठेवलेली आहे. त्या काळच्या राजेरजवाड्यांच्या तहांत यात नवल नाही, राजानं राजाशी केलेला तो करार. पण त्याचा परिणाम उटनूरच्या डोंगरातल्या माणसापर्यंत पोचतो. बाहेरून कोणी गादी हलवणार नाही याची खात्री झाल्यावर गादीला रयतेच्या मर्जीची गरज कमी उरते. आणि रयतेनं दाद मागायची तर दुसऱ्या सहीदारानं आधीच हात वर केलेले.

दुसरा प्रश्न हिशोबाचा. २१ मे १८५३ च्या तहाने निजामानं वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी कंपनीकडे सोपवला. त्यात निजामाच्या बाजूनं एक चांगलं कलम होतं : रेसिडेंटनं दरसाल खरा हिशोब द्यावा आणि खर्च वजा जाता उरलेला वसूल निजामाला परत करावा. सावकाराकडे शेत ताब्यात दिलं आणि उत्पन्नातून कर्ज फिटत जावं, असं आपल्याकडचं ताबेगहाण असतं ना, त्यातलाच हा प्रकार. सात वर्षांनी, १८६० च्या डिसेंबरात, नवा तह झाला. रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, पण हिशोब मागण्याचा हक्क निजामानं सोडला. वऱ्हाडच्या कारभारावर किती खर्च करायचा ते इंग्रज सरकार ठरवणार. ५ नोव्हेंबर १९०२ ला वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे गेला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. मालक नावाला निजामच. १९३६ च्या करारात त्याचं वऱ्हाडावरचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य झालं आणि त्याच्या थोरल्या मुलाला वऱ्हाडचा युवराज ही पदवी मिळाली. जमीन मात्र परत आली नाही.

ज्या दिवशी हिशोबाचं कलम गेलं त्या दिवशी वऱ्हाड गेला, असं म्हणायला हरकत नाही. बाकीची कलमं नंतरही छान दिसत होती. १९२६ च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं निजामाला पत्र लिहून स्पष्टच कळवलं, की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्यानं बोलण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. एकानं दुसऱ्याला राखायचं आणि कलमाचा अर्थही राखणाऱ्यानंच लावायचा, असं असेल तर दुसरं काय होणार!

शेवटचा तह १९४७ चा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यात तंटा झाला तर दोघांनी एकेक लवाद नेमावा आणि वर एक पंच असावा, असं कलम होतं. लवाद काही बसला नाही. रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवरच्या चकमकी, नाकेबंदीच्या तक्रारी यांत वर्ष सरत आलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. परिषदेत ती १६ सप्टेंबरला चर्चेला आली. तोवर १३ तारखेला सुरू झालेली पोलीस कारवाई संपत आली होती, १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवली.

सालगडी, भागेला आणि सावकाराची वही

आता हैदराबादच्या दरबारातून आपल्या गावात येऊ. मराठी मुलखात पाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचं धान्य किती, रोख किती, कपड्याचे जोड किती, चपला, घोंगडी, सणाला सुटी. साक्षीदार म्हणून चार माणसं. हा तोंडी करार असतो, पण त्यालाही संरक्षण असतं, आणि ते म्हणजे त्याची मुदत. वर्ष भरलं की गडी मोकळा. मालक नीट वागला नाही तर पुढच्या पाडव्याला दुसरं घर.

तेलंगणात याच्या शेजारीच भागेला पद्धत होती. तिथे माणूस आधी कर्ज घेई, लग्नासाठी किंवा मर्तिकासाठी, आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबे. मजुरी व्याजात जाई, मुद्दल तसंच. बापाचं कर्ज मुलाकडे येई. वरून दोन्ही करार सारखेच दिसतात, फरक एवढाच की एकाला शेवट आहे आणि दुसऱ्याला नाही. निजाम सरकारनं फसली १३५३ मध्ये भागेला करारांचं नियमन करणारा कायदा केला. (फसली सनात ५९० मिळवले की ढोबळ इसवी सन येतो, म्हणून हे १९४३.) करार लेखी असावा, त्याची मुदत ठरलेली असावी, हा त्याचा रोख. थोडक्यात, भागेल्याचा सालगडी करावा!

कायदा बरा होता. पण दरबारी कागद उर्दूत, सावकाराची वही मराठीत नाहीतर तेलुगूत, आणि अंगठा गोंडाचा किंवा कोलामाचा. ज्याच्या बचावासाठी कलम लिहिलं त्याला ते वाचताही येत नव्हतं आणि ते आहे हे सांगणाराही कोणी नव्हता. वेठबिगारी देशभरात कायद्यानं बंद व्हायला १९७६ उजाडलं.

जोडेघाटनंतर : कलमाच्या मागे माणूस

१९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्या आधीचं भांडण जमिनीचं आणि जंगलाचं होतं. राखीव जंगलाच्या हद्दी आखताना गोंडांची शेतं आणि पाडे आत गेले. ज्यांनी झाडं तोडून जमीन लावली त्यांच्याकडे पट्टा नव्हता, आणि बाहेरून आलेल्या माणसाला कचेरीत जाऊन पट्टा करून घेता येत होता. बाबेझरी, जोडेघाट आणि आसपासच्या बारा गावांचा प्रश्न तोच होता.

हे असं का झालं ते पाहण्यासाठी निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना इकडे पाठवलं. ऑस्ट्रियन माणूस, महायुद्धामुळे हैदराबादेत अडकलेला. ते आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ, म्हणजे बेटी, मार्लवाईला राहिले. त्यांच्या अहवालांतून पुढे जे निघालं ते आपल्या विषयाला फार महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. हैदराबाद राज्यात पडीक सरकारी जमीन लागवडीला द्यायच्या रीतीला लावणी म्हणत. मराठी वाचकांनी तमाशा आठवू नये, ही जमीन लावण्याची लावणी. एरवी त्या जमिनीची किंमत भरावी लागे. आदिवासींसाठी खास लावणीचे नियम करून त्यांना फुकट पट्टे देण्यात आले. १९४९ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांवर आदिवासींना मिळून सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. आजही जैनूर, नारनूर, उटनूरकडच्या घरांतून त्या काळचे उर्दू पट्टे निघतात.

दुसरी गोष्ट भाषेची. १९४३ मध्ये मार्लवाईला शाळा आणि शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं तयार झाली आणि ती देवनागरीत छापली, कारण इथल्या बऱ्याच गोंडांना मराठीचा कान होता. या कामात अधिकारी म्हणून आलेलं एक नाव मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे : सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते आदिलाबादच्या डोंगरांत गोंडी शिकत होते, आणि इथल्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. गोंडाच्या भाषेत बोलणारा अधिकारी कचेरीत बसला, तेव्हा नियम पहिल्यांदा खालपर्यंत पोचले.

तिसरी गोष्ट दाद मागण्याच्या जागेची. केस्लापूरला पुष्य महिन्यात मेस्राम घराण्याची नागोबाची जत्रा भरते. चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फनी तिथे दरबार भरवायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी यायचं, लोकांनी समोर तक्रार मांडायची. हा दरबार अजून भरतो. माणसं ज्या दिवशी, ज्या जागी आपणहून जमतात तिथेच कचेरी नेली, यातलं शहाणपण लक्षात घेण्यासारखं आहे.

या सगळ्याला कायद्याचं रूप आलं ते फसली १३५६, म्हणजे १९४६ च्या आदिवासी क्षेत्र नियमात आणि नंतर फसली १३५९ च्या नियमात. आदिवासी क्षेत्रं जाहीर करायची, तिथे खास अधिकारी नेमायचे, छोटे तंटे पंचायतींनी मिटवायचे. म्हणजे कलम होतं, ते कळणारी भाषा होती, दाद घेणारा माणूस होता आणि जागाही होती. चारही एकत्र असतानाचा काळ थोडाच टिकला. सडका झाल्या, कापूस आला, अधिकारी बदलले. सत्तरच्या दशकात हायमेनडॉर्फ पुन्हा इकडे आले तेव्हा पट्ट्याच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर हातातून गेलेल्या त्यांना दिसल्या. पट्टा गोंडाच्या नावावर, नांगर दुसऱ्याचा. दोघाही पतिपत्नींचं स्मारक मार्लवाईतच आहे.

दोन राज्यं, दोन कलमं

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेलं. नांदेडकडून मुधोळ, भैंसा, कुबेर इकडे आले. एकाच डोंगररांगेतले, एकाच देवाचे, एकाच गोत्राचे गोंड दोन राज्यांत वाटले गेले. जमिनीच्या बचावाची कलमंही दोन झाली, आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

त्याच वर्षी वरच्या पातळीवर आणखी एक संरक्षणाचा करार झाला होता. २० फेब्रुवारी १९५६ चा सभ्य गृहस्थांचा करार. तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च व्हावा, नोकऱ्यांत मुलकींना हक्क असावा, शेतजमिनींच्या विक्रीवर विभागीय परिषदेचं नियंत्रण असावा, मुख्यमंत्री आंध्रचा तर उपमुख्यमंत्री तेलंगणाचा. पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नेमला गेला नाही. दाद कुठे मागायची? करार नेत्यांचा, कायदा नाही, कोर्ट नाही. १९६९ चं आंदोलन आणि पुढचं सगळं आपल्याला माहीतच आहे. सभ्यता हे कलम होऊ शकत नाही.

आता जमिनीचं. महाराष्ट्राच्या बाजूला जमीन महसूल संहितेतली कलमं ३६ आणि ३६अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर आधी परवानगी लागते. ६ जुलै १९७४ पासून हे अधिक कडक झालं, आणि वेगळा कायदा करून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. आपल्या बाजूला १९५९ चा अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतर नियम १९६३ मध्ये तेलंगणात लागू झाला. मग ३ फेब्रुवारी १९७० रोजी त्यात दुरुस्ती झाली. हाच तो 'वन ऑफ सेवन्टी'. आपल्याकडे शेतकरीही त्याला इंग्रजी नावानंच ओळखतो.

वन ऑफ सेवन्टीत तीन पेच आहेत. एक, अनुसूचित क्षेत्रातली जमीन आदिवासीशिवाय कोणाकडेही जाऊ शकत नाही. विकणारा बिगर-आदिवासी असला तरी नाही. असा व्यवहार मुळातच रद्द, त्याला परवानगीची पळवाट नाही. दोन, त्या क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीच्या ताब्यात दिसली, तर ती आदिवासीकडूनच आली असं धरायचं. तसं नाही हे ताबेदारानं सिद्ध करायचं. तीन, बिगर-आदिवासीला जमीन विकायचीच असेल आणि आदिवासी गिऱ्हाईक मिळत नसेल, तर त्यानं ती सरकारला द्यावी आणि मोबदला घ्यावा.

यातला दुसरा पेच सगळ्यात महत्त्वाचा. भागेल्याच्या कायद्यात, लावणी पट्ट्यात, सगळीकडे पुरावा गरिबानं आणायचा होता. वही सावकाराकडे, नक्कल कचेरीत, आणि पुरावा मात्र त्यानं आणायचा. वन ऑफ सेवन्टीनं ते ओझं उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवलं. पहिल्या पेचानं चौथ्या प्रश्नाचंही उत्तर दिलं : गोंडानं स्वतः अंगठा दिला तरी जमीन जात नाही, कारण अडलेल्या माणसाचा अंगठा म्हणजे राजीखुशी नव्हे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा नियम वैध ठरवला. १९९७ च्या समता निकालात, विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या खाणींच्या प्रकरणात, न्यायालय आणखी पुढे गेलं : अनुसूचित क्षेत्रातली जमीन सरकारनंही खासगी खाणवाल्यांना भाड्यानं देऊ नये.

यात जगाचाही धागा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार आदिवासी लोकांबद्दल आहे. परंपरेनं राहत आलेल्या जमिनीवर त्यांची मालकी मान्य करा, आणि त्यांच्या रीतीभातींचा किंवा कायदा न कळण्याचा फायदा घेऊन बाहेरच्यांनी जमीन बळकावू नये याची तजवीज करा, असं तो सांगतो. भारतानं १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. जिनिव्हात लिहिलेलं हे वाक्य वाचताना बाबेझरी-जोडेघाटची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९८९ चा नवा, १६९ क्रमांकाचा करार मात्र भारतानं स्वीकारलेला नाही.

आणि आपण?

इथे आपल्या मंडळाच्या बऱ्याच वाचकांना थोडं अवघड वाटेल. आदिलाबादेतल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरं मराठवाड्यातून किंवा वऱ्हाडातून पिढ्यांमागे इकडे आली. कोणी पाटील-कुळकर्णी म्हणून, कोणी कापसामागे, कोणी दुष्काळातून, कोणी नुसत्या दोन हातांच्या जोरावर. यातल्या अनेकांसाठी वन ऑफ सेवन्टी हे संरक्षण नाही, अडचण आहे. आजोबांनी रोख पैसे मोजून साध्या कागदावर घेतलेली जमीन, सादा बैनामा, आज नावावर होत नाही. मुलीच्या लग्नाला दोन एकर काढता येत नाही. ही तक्रार खोटी नाही. १९७९ मध्ये सरकारनं पाच एकर ओलिताच्या किंवा दहा एकर कोरडवाहू जमिनीपर्यंत बिगर-आदिवासींना उठवू नये असा आदेश काढला होता, तो याच तक्रारीपोटी.

पण दुसरी बाजूही याच मातीतली आहे. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला सोमवारच्या बाजाराच्या दिवशी गोंडांच्या सभेवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. मागणी जमिनीचीच होती. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती.

शिवाय कोण आदिवासी, हाही प्रश्न कलमालाच चिकटलेला. १९७६ च्या दुरुस्तीनं तेलंगणातला लंबाडा, म्हणजे बंजारा समाज अनुसूचित जमातींत आला. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त-भटक्या जमातींत आहे. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की एकाच तांड्यातल्या भावाभावांची कलमं बदलतात. गोंड-कोलाम म्हणतात, आमच्यासाठीचं कुंपण आतून उघडलं. बंजारा म्हणतात, आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आणि हातावर पोट असलेले. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात हा ताण रस्त्यावर आला.

सीमेवरची केरामेरी आणि जिवती यांच्यामधली वादातली गावं तर या सगळ्याचा आरसाच आहेत. परंदोळी, मुकदमगुडा वगैरे. दोन राज्यांचं रेशन, दोन राज्यांची मतदार यादी, दोन शाळा. पण अनेक घरांना जमिनीचा पट्टा कुठल्याच राज्याचा नाही. संरक्षण दुप्पट आणि मालकी शून्य.

पेटीतला कागद वाचताना

२०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, कुमुरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल आणि निर्मल. जुने कागद या कचेरीतून त्या कचेरीत गेले. आता नोंदी संगणकावर आहेत. तिथे नाव असतं, क्षेत्र असतं, पण ती जमीन कशी आली, कोणत्या अटीवर आली, हे नसतं. ते फक्त घरातल्या कागदावर आहे.

म्हणून मंडळातर्फे एक विनंती. आपल्याकडे लावणी पट्टा, पहाणीची नक्कल, गहाणखत, सालगड्याच्या कराराची चिठ्ठी, सावकाराची पावती, काहीही असेल, उर्दू असो की मोडी असो, ते टाकू नका. लॅमिनेट करू नका, त्यानं जुना कागद खराब होतो. चिकटपट्टी लावू नका. सावलीत पसरून, सरळ वरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, शिक्का आणि अंगठा नीट दिसेल असे. घरातली म्हातारी माणसं त्या कागदाबद्दल जे सांगतात ते तारखेसह लिहून ठेवा. आणि फोटो कुठेही टाकण्याआधी नावं व सर्व्हे नंबर झाका, वाद चालू असतो.

मग कागद वाचताना तेच चार प्रश्न विचारा. राखलं कोणाला आहे? हिशोब कोण देतं? पुरावा कोणाच्या गळ्यात आहे? अंगठा दिला तर सगळं संपतं का? १८०० च्या तहाला हे विचारले तर उत्तर मिळतं की रयत कुठेच नाही. १८५३ चा तह हिशोबाशी थांबतो. १९५६ च्या करारात दाद मागायला जागाच नाही. वन ऑफ सेवन्टी चारही प्रश्नांना उत्तर देतो, म्हणूनच तो अर्ध्या लोकांना खुपतो आणि अर्ध्यांना हवा असतो. पण त्याच्याही बाबतीत इंद्रवेल्लीचा स्तूप सांगतो, की उत्तर कागदावर असणं वेगळं आणि उटनूरच्या कचेरीत मिळणं वेगळं. चाळीसच्या दशकात ते अंतर काही वर्षं कमी झालं होतं, कारण समोरचा अधिकारी गोंडी बोलत होता.